कान वेल्डाचे

वेल्डाने एल्विनचा डावा गुडघा दाबला. म्हणजे नर टर्की पक्षी ओरडला होता, आणि डावीकडे, ओढ्याच्या बाजूला ओरडला होता.

एल्विनने बंदूक डावीकडे वळवली. त्याला स्वतःला काही ऐकू आलं नव्हतं. गेली चार वर्षं त्याला टर्की ऐकू येत नव्हते, कावळे येत नव्हते आणि चर्चमधलं प्रवचन येत नव्हतं. प्रवचनाबद्दल त्याची तक्रार नव्हती. तोंडासमोर उभं राहून कोणी बोंबललं, तरच त्याच्यापर्यंत पोहोचायचं. म्हणून नवराबायको एकाच ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसत. कान वेल्डाचे, नेम एल्विनचा.

टर्कीच्या शिकारीच्या हंगामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी एकला सगळ्या मिसूरीतल्या बंदुका खाली. स्प्रिंगफील्डला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, जॅनेलने, इस्टरच्या जेवणात निकालच देऊन टाकला होता. "डॅडी, या वर्षी एकही टर्की मिळाला नाही, तर बंदूक विकायची, घर विकायचं आणि दोघांनी आमच्याकडे यायचं. तळघरातली खोली रिकामीच आहे. व्यायामाच्या सायकलशेजारी." एल्विनला नीट कळावं म्हणून तिने हे तीनदा ओरडून सांगितलं. तिसऱ्यांदा तो हो म्हणाला. त्याच्या टटल घराण्यात शब्द दिला की दिला. याच कारणापायी त्याच्या आजोबांनी एक अजिबात न आवडणारं खेचर मरेपर्यंत पाळलं होतं.

एल्विनने खिशातून लाकडी डबी काढली. तिचं झाकण कडेवर घासलं, की मादी टर्की नराला बोलावते तसा आवाज निघतो. हा आवाजही एल्विनला ऐकू येत नव्हता. तो अंदाजाने घासायचा.

"किती लांब असेल गं?" त्याने विचारलं.

वेल्डाने त्याच्याकडे पाहिलं, पिशवीत हात घातला आणि मक्याच्या पावाचा एक तुकडा त्याच्या हातावर ठेवला. एल्विनने तो खाल्ला.

अख्खा हंगाम हेच चाललं होतं. वेल्डा गुडघा दाबायची, एल्विन तिकडे वळायचा. तिकडून कधी खार यायची, कधी नुसता वारा. एकदा शेजारच्या रॉस्कोची गाय आली, बराच वेळ थांबली आणि निघून गेली.

एक वाजत आला होता. वेल्डाने परत डावा गुडघा दाबला, जरा जोरातच. आणि एल्विनच्या उजव्या बुटाला जवळजवळ घासून एक भला थोरला नर टर्की पुढे चालत गेला.

तो मागून आला होता. चार पावलं पुढे जाऊन तो वळला आणि दोघांकडे बघू लागला. दुकानात मघापासून उभ्या असलेल्या आणि कोणीच विचारत नसलेल्या गिऱ्हाइकासारखा त्याचा चेहरा होता. मग तो तसाच, रागारागाने, मोकळ्या जागेत गेला आणि पिसारा फुलवून उभा राहिला.

एल्विनने बार काढला. टर्की जागच्या जागी पडला.

वेल्डाचा हात अजून त्याच्या गुडघ्यावरच होता.

"घर राहिलं," ती म्हणाली आणि डोळे पुसत टर्कीकडे गेली.

तेवढ्यात कुंपणाच्या तारा ओढायचं काम टाकून रॉस्को धावत आला.

"लेका एल्विन!" तो एल्विनच्या तोंडासमोर उभा राहून बोंबलला. "सकाळपासून हा तुमच्या पाठीमागे माझ्या कुंपणापाशी ओरडतोय! माझ्या बायकोने वैतागून खिडक्या लावून घेतल्या. आणि तुम्ही ओढ्याकडे तोंड करून बसलाय? शेवटी बिचारा स्वतः बघायला आला, ही कोण बया, मला बोलावते आणि पाठ फिरवून बसते!" मग तो वेल्डाजवळ गेला. "वेल्डा, तुला तरी यायला हवा होता ना आवाज?"

वेल्डा त्याच्याकडे बघून हसली. तिने पिशवीत हात घातला आणि मक्याच्या पावाचा एक तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

रॉस्को पावाकडे बघत राहिला. मग एल्विनसमोर परत आला.

"हिलाही नाही?"

"दोन वर्षं झाली," एल्विन म्हणाला. "चुलीवर किटली शिट्टी मारत आटून जाते. मला शिट्टी ऐकू येत नाही, पण वाफ दिसते. ही तिथेच पाठ करून बटाटे सोलत असते."

"मग गुडघा कशाला दाबते?"

"मी घरी बसून राहू नये म्हणून."

"आणि तू वळतोस!" रॉस्कोचा आवाज चढला. "अरे, मी म्हणत होतो, माझे कान ने. पहिल्याच दिवशी टर्की मिळाला असता!"

"तेच ना. पहिल्याच दिवशी मिळाला असता, तर उरलेला हंगाम माझा गुडघा कोण दाबणार होतं? तू?"

रॉस्कोने यावर पाव खाल्ला.

"बरं, मिळाला ना आता टर्की?" घास संपवून तो पुन्हा ओरडला. "मग सांगून टाक तिला, की तुला सगळं माहीत आहे!"

एल्विन एकदम घाबरला. त्याने वळून पाहिलं. वेल्डा काही पावलांवर बसून टर्कीची पिसं सारखी करत होती. एल्विनने रॉस्कोची कॉलर धरली, त्याला जवळ ओढलं आणि ज्याला तो कुजबुज समजायचा अशा आवाजात बोलला. ओकवरचे सगळे कावळे उडाले.

"हळू बोल, लेका! ऐकेल ती."