दादाचा आवाज

दवाखान्यातलं यंत्र प्रत्येक पेशंटला त्याच्या माणसाच्या आवाजात आतड्याच्या कॅन्सरची तपासणी समजवायचं. हणमंतला वाटलं होतं, आपल्याशी ते बायकोच्या आवाजात बोलेल.

पण आवाज आला थोरल्या भावाचा. "हणम्या, शी तपासायला द्यायची लाज कसली? मी लाजलो आन् उशीर झाला. तू नको लाजूस."

हणमंत गोंधळला. बहिणीच्या लग्नात मानापानावरून बिनसल्यापासून दादा त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"सिस्टर, यंत्राला दादाचा आवाज कुठून मिळाला?"

"ज्याचा त्यानं दिल्याशिवाय घेता येत नाही, काका. ते मागच्या आठवड्यात स्वतः देऊन गेले. जाताना विचारत होते, 'ऐकेल ना तो माझं?'"

नमुन्याची डबी मुठीत धरून हणमंत यंत्राकडे वळला. "ऐकतो, दादा," तो म्हणाला, आणि आपण नेमकं कुणाशी बोललो हेच त्याला कळेना.