तिकडची वेळ

"हे बघा ताई, लिहिलंय 'आत्ताच सूर्य उगवला' आणि वर वेळ भरदुपारची," सून पडद्यावर बोट ठेवून म्हणाली.

संगणक दुरुस्तीवालीने खुर्ची पुढे ओढली. असले बिघाड तिच्या हातचा मळ होते. "साहेब परदेशात, आणि त्यांच्या ब्लॉगचं घड्याळ मात्र इथलं. लेख तिकडे लिहिला, तरी तारीख आणि वेळ इकडची लागते. चुटकीसरशी होईल, वहिनी."

"होऊ दे बाई. भावजी रविवारी येताहेत. या तारखा त्यांना खटकल्यात. दादा खरंच तिकडे आहे का ते दाखवा, नाहीतर पोलिसांत जाऊ म्हणतात." ती हसली. "धाकट्या दिराला शंका फार."

"मग साहेबांनाच फोन करायला सांगा की त्यांना."

"भांडून गेलेत. तेव्हापासून फोन बंद. हे लिहितात तेवढंच." तिने चहाचा कप पुढे सरकवला. "कडक नाही ना झाला? त्यांना कडक लागायचा. सवयीने पावडर जास्त पडते."

दाराशी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. मान खाली, पण कान इकडे.

दुरुस्तीवालीने सेटिंग उघडून इथल्या वेळेच्या जागी त्या देशाची वेळ निवडली आणि पान ताजं केलं. तारखा एकेक दिवस मागे सरकल्या. पण सूर्योदय आता मध्यरात्री होऊ लागला! बाजारातली फेरी, बागेतलं ऊन, सगळं तिकडे सामसूम असतानाचं.

"रोग परवडला, पण औषध नको," ती पुटपुटली.

"बघा सावकाश. मी गच्चीवरचे कपडे घेऊन येते." सून जिना चढून गेली.

दुरुस्तीवालीने लेखांच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक लेख याच घरातून, याच संगणकावरून गेला होता. एक तर अर्धाच लिहून ठेवलेला होता. 'आज इथे गार वारा सुटलाय...'

मागे मटार सोलण्याचा आवाज थांबला.

"आजी," ती हळूच म्हणाली, "हे तुम्ही लिहिता?"

म्हातारीने जिन्याकडे पाहिलं आणि लगबगीने जवळ आली. "हळू बोल, पोरी. आयुष्यभर शाळेत पोरांचे निबंध तपासले, आता असले निबंध लिहितेय." तिने हात पदराला पुसले. "मी गावाला गेले होते. परत आले तर हा घर सोडून गेलेला. अर्धं कपाट रिकामं. कोणाच्या नादाला लागला होता, देव जाणे. ही पोर दिवसचे दिवस भिंतीकडे बघत बसायची. दारावर थाप पडली की दचकायची. घास घशाखाली उतरेना. त्याचा संगणक घरीच राहिला होता. म्हटलं, चार ओळी खरडू त्याच्या नावाने. पूर्वी कामासाठी जायचा त्या देशातले फोटो होतेच. लेख वाचला आणि त्या दिवशी ही पोटभर जेवली बघ."

"आणि त्यांना काहीच कळलं नाही?"

"भोळी आहे गं. तिचा सगळा संसार या ओळींवर उभा आहे. धाकट्याने खोदून काढलं तर पोर कोसळेल माझी."

खोट्याला हातभार लावायचा नाही, हा दुरुस्तीवालीचा शिरस्ता होता. पण म्हातारीने हात जोडलेले तिला बघवेनात. नव्या लेखावर तिकडची सकाळ कशी घालायची, तो त्या वेळी आपोआप कसा झळकतो, हे तिने तिला कुजबुजत शिकवलं. म्हातारी एकदाच सांगून शिकली.

सून कपडे घेऊन खाली आली, तेव्हा सासूबाई पुन्हा मटार सोलत होत्या. सून तिथेच घड्या घालत बसली. दुरुस्तीवाली जुने लेख एकेक करून सुधारत राहिली. सूर्योदय पहाटेला आला, बाजार दुपारी भरला. सून मधूनच मान वर करून बघे आणि पुन्हा घडी घाली.

"झालं. आता दीर काय, आणखी कोणी आलं तरी बोट ठेवायला जागा नाही."

तिला सोडायला सून फाटकापर्यंत आली. येताना तिने घराचं दार बाहेरून ओढून घेतलं.

"आई लिहितात ते कळलं ना तुम्हाला?"

दुरुस्तीवाली जागीच थबकली. "म्हणजे, तुम्हाला माहीत आहे?"

"पहिल्या ओळीपासून. त्यांची सवय मला कळायची नाही? प्रत्येक वाक्याला पूर्णविराम!"

दुरुस्तीवालीचे डोळे भरून आले. "काय म्हणावं तुम्हाला! त्या तुमच्यासाठी लिहितात, तुम्ही त्यांच्यासाठी वाचता. असं जपणं आजकाल कुठे दिसतं?"

सुनेने मागे वळून बंद दाराकडे पाहिलं.

"पण वहिनी, एक भीती वाटते. कधीतरी साहेबांनीच हा ब्लॉग उघडला तर? आपल्या नावाने आईंनी काय काय लिहिलंय ते वाचून चिडतील. भावाला कळवतील."

"तारखा तुम्ही स्वतःच्या हाताने बदलल्यात ना, ताई?"

"हो. एकूण एक."

"मग तुम्हाला सांगायला हरकत नाही." सुनेने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "आईंना वाटतं, ते घर सोडून गेले. ते या घरातून बाहेर पडलेच नाहीत."