कर्ण्यावरची घोंगडी
आफ्रिकेत लढाईवर गेलेल्या पोरांचे निरोप रेडिओवर लागणार होते, म्हणून मार्गासनीच्या चावडीपुढं रेडिओची मोटार आली होती. कर्णा कट्ट्यावर ठेवला होता. बॅटरी उतरली होती, त्यामुळं ड्रायव्हर गेनबाला इंजिन चालूच ठेवावं लागलं, आणि प्लगांच्या ठिणग्यांची तडतड कर्ण्यातून फुटत राहिली. त्यानं तारा आवळल्या, रेडिओभोवती पत्रा गुंडाळला, तरी तडतड हटेना. तेवढ्यात सारजाबाई धनगरणीच्या भीमाचं नाव पुकारलं गेलं. पोराचा आवाज तिनं ओळखला, पण शब्द तडतडीत बुडून गेले. “आरं, गोळ्या सुटत्यात! खाली वाक, भीमा!” ती ओरडली, आणि खांद्यावरची घोंगडी तिनं कर्ण्यावर टाकली. माणसं हसली. गेनबा हसला नाही. “मावशी, ह्यो आपल्याच मोटारीचा आवाज हाय. थांबा, दावतो,” म्हणत त्यानं इंजिन बंद केलं. तडतड थांबली. “आये, मी खुशाल हाय, तू...” एवढं स्वच्छ ऐकू आलं आणि बॅटरी बसली, तसा भीमाही गप्प झाला. गेनबानं घाईघाईनं हँडल मारलं. इंजिन चालू व्हायला वेळ लागला. झालं तेव्हा तडतड परत आली, आणि तिच्यातून आता दुसराच कुणी पोरगा आपल्या आईला हाक मारत होता. सारजाबाई मोटारीकडं पाहतच राहिली. “भीमाच्या जागी दुसरा उभा केला, व्हय?” तिनं विचारलं. मग ती कट्ट्याजवळ गेली आणि कर्ण्यावरून घसरलेली घोंगडी तिनं त्या पोरावर सारखी केली.