वापर: मोकळी जागा

एसी चालू होता, तरी कृणालला घाम फुटला होता. आता एसीत घाम कुणाला फुटतो? ज्याच्या मनात काळंबेरं असतं, त्याला. टेबलापलीकडे त्याची सख्खी मथुराआत्या बसली होती आणि तिच्याकडे बघायची त्याची छाती होत नव्हती.

वॉर्ड ऑफिसात हरकतींची सुनावणी चालली होती. उपनगरातल्या कोळीवाड्यांसाठी नवी नियमावली येणार होती. ज्या जागेत मासळी वाळते ती तशीच ठेवायची आणि जी जागा मोकळी पडलीय तिथे सात मजल्यांपर्यंत बांधू द्यायचं, असा सरळ नियम. आत्याच्या गावातल्या वाळवणाच्या मैदानापुढे जुलैच्या सर्वेत लिहिलं होतं, ‘वापर: मोकळी जागा’. सुनावणी पद्मजा मॅडम घेत होत्या. जबाब टाइप करायला शेजारी कृणाल.

“मोकळी कशी?” आत्या म्हणाली. “माज्या सासूच्या सासूपासून बोंबील वाळतात तिथं. चाळीस बायांची पोटं हायत त्यावर.”

“मावशी, हा बघा सर्वेचा फोटो. नुसतं गवत आहे.”

“पावसाळ्यात मासेमारी बंद असते, मॅडम. वलांडी उतरवून ठेवतो आमी. बोंबील टांगायचे ते बांबू. नायतर कुजतात. दसरा झाला की परत उभ्या. गावातलं शेंबडं पोर पण सांगेल तुमाला.”

शेंबडं पोर कसलं, चांगला सव्वीस वर्षांचा घोडा होता कृणाल, आणि त्याला सगळं ठाऊक होतं. लहानपणी याच वलांडीखाली तो लपाछपी खेळला होता. पण जुलैत तो स्वतः सर्वेला गेला त्या दिवशी पाऊस कोसळत होता, अजून तीस जागा बघायच्या बाकी होत्या, आणि ‘मासळी वाळवण’ लिहिलं की चार पानांचा वेगळा फॉर्म, वर पाच शेजाऱ्यांच्या सह्या. ‘मोकळी जागा’ लिहिलं की काम खल्लास. कंटाळा, दुसरं काही नाही. लाच खाल्ली असती तर निदान काहीतरी खाल्लं तरी असतं. खाल्लं होतं ते वेगळंच. आत्याच्या ओट्यावर बसून तिने वाढलेली तांदळाची भाकरी आणि भाजलेले सुके बोंबील. त्याच मैदानात वाळलेले. एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने तो रकाना.

सर्वे एका एजन्सीला दिलेला होता. कृणाल तेव्हा त्यांच्याकडे रोजावर होता. या ऑफिसात ऑपरेटर म्हणून चिकटला त्यानंतर, तोही मार्चपर्यंतच्या करारावर.

मॅडमनी कागद उलटसुलट करून पाहिला. “नाव नाही यावर. नुसतं ‘सर्वेक्षक सतरा’. एजन्सीवाले फोन उचलत नाहीत.” त्यांनी चष्मा काढला. “मावशी, मला पटतंय तुमचं. पण आत्ता जाऊन फोटो काढला तरी गवतच येणार. आणि नकाशा दसऱ्याच्या आधी वर जायचाय. एकच करता येईल. जो आला होता त्याने लिहून द्यायचं, की वलांडी उतरवलेल्या होत्या, नोंद माझ्याकडून चुकली. मी आज, या टेबलावर बदलते.”

“आणि त्याचं काय हुईल?”

“त्याचं नाव काळ्या यादीत. सरकारी काम मिळणार नाही पुन्हा.”

कृणालची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. आल्यापासून आत्याने त्याला ओळखसुद्धा दाखवली नव्हती. आता दाखवेल. दाखवायलाच पाहिजे, चाळीस घरांचा प्रश्न आहे, असं त्याला वाटलं. आणि त्याच वेळी, देवा, हिने दाखवू नये, असंही वाटलं. हे दुसरं वाटलं त्याची त्याला जास्त लाज वाटली.

“आठवून बघा,” मॅडम म्हणाल्या. “कोण होता? पोरगा होता की वयस्कर? गावातलं कुणी बोललं असेल त्याच्याशी.”

“धो धो पाऊस होता, मॅडम. रेनकोट घातलेला त्यानं, टोपी पार डोळ्यांवर.” आत्याने पदर सारखा केला. “नाय ओळखला.”

“नक्की?”

“नक्की.”

मॅडमनी सुस्कारा सोडला. “मग माझा इलाज नाही. हरकत नामंजूर. लिही रे, अर्जदारास सर्वेक्षकाची ओळख पटली नाही.”

कृणालने लिहिलं. तोंड उघडायला तेवढा वेळ पुष्कळ होता. एक वाक्य, तेही फार मोठं नव्हे. त्याने प्रिंट काढली, नियमाप्रमाणे आत्याला वाचून दाखवली, आणि वाचताना त्याचा आवाज कुठेही अडखळला नाही.

“अंगठा घे त्यांचा,” मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या अर्जदाराचा कागद शोधू लागल्या.

त्याने आत्याचा हात धरला, अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला, कागदावर दाबला. ठसा नीट उमटेना. मीठ आणि मासळीने रेषा झिजल्या होत्या. दुसऱ्यांदा दाबला. तिसऱ्यांदा दाबायला तो वाकला, तेव्हा ती फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

“दसरा झाला की ये रं. बांबू उभे करायला माणूस कमी हाय.”