न तोडलेला तुकडा

"ओढून तोडताय कशाला, मॅडम? कडकपणा मोजा, तक्त्यावरून ताकद काढा, सर्टिफिकेट द्या!"

शिरगुप्पे खुर्चीत रेलून बोलत होते. जत्रेतल्या आकाशपाळण्यांना ते बोल्ट पुरवत. दर महिन्याला नव्या मालातला म्हणून पोलादाचा एक तुकडा प्रयोगशाळेत आणत आणि वर हे शहाणपण शिकवत.

प्रयोगशाळेच्या केळुसकरबाईंनी तुकडा कडकपणा मोजायच्या यंत्राखाली ठेवला. यंत्राची टणक गोळी दाबली गेली, पोलादावर मसुरीएवढा खळगा उमटला. तक्त्यात ताकद अव्वल निघाली.

"बघा! उगाच तोडून चांगलं पोलाद वाया घालवणार होतात."

पोलादाची एवढी माया? बाईंनी तुकडा उलटा केला. वरची बाजू घासून चकचकीत केली होती, खालची घासायचा मात्र साहेबांना कंटाळा आला होता. तिथे मागच्या महिन्याचा खळगा होता आणि शेजारी बाईंनीच ठोकलेला तारखेचा शिक्का.

तोडलेला तुकडा पुन्हा आणता येत नाही. माया होती ती एवढीच.

"पोलाद झकास आहे हो, शिरगुप्पे," बाई म्हणाल्या. "आता पाळण्याला बसवलंय ते आणा. ते मी तोडणार आहे."