मंजूर भार

"भट्टी नको आम्हाला, मॅडम. तुमच्या कारखान्याला मंजूर असलेला विजेचा भार हवाय," ट्रान्सफॉर्मरवरची नजर न काढता पाहुणे म्हणाले. त्यांना तिथे एआयचे संगणक बसवायचे होते. "नवी लाइन मिळेपर्यंत थांबलो, तर दुसरे पुढे निघून जातील."

हेमलता शिरगुप्पे यांनीच नवऱ्यामागे ही लोखंड ओतायची फाउंड्री चालवली होती. पण जिकडे वीज स्वस्त, तिकडचे कारखाने कमी भावात माल देऊ लागले आणि एकेक गिऱ्हाईक तुटत गेलं. शेवटी त्यांनी विक्रीच्या कागदांवर सही केली.

वर्षभरात तिथे बिनखिडक्यांची पांढरी इमारत उभी राहिली. भट्टीवर उभा जन्म काढलेले इलाहीभाई रोज सकाळी तिच्या भिंतीशी जाऊन उभे राहतात, असं कानावर आलं, तशा हेमलताबाई त्यांना घरी न्यायला गेल्या.

"इलाहीभाई, आता काय राहिलंय इथं? चला."

"वहिनी, जरा हात लावून बघा."

भिंत थरथरत होती. आतून घुमल्यासारखा अखंड आवाज येत होता. लोखंड वितळू लागलं की भट्टी अशीच घुमायची.

"पोरं लागली बघा कामाला," इलाहीभाई हळूच म्हणाले.

आत माणूस नाही, नुसती यंत्रं आहेत, हे हेमलताबाई सांगणार होत्या. पण भिंतीवरचा हात निघेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी इलाहीभाई आले, तेव्हा वहिनी आधीच भिंतीला कान लावून उभ्या होत्या.