कपाटातली घागर

शिवलालनं गावोगाव फिरून जमवलेल्या जुन्या मडक्यांनी कामठ्याच्या घरातली दोन काचेची कपाटं भरली होती. त्यातली एक काळी घागर त्याची फार लाडकी. आल्यागेल्याला तो हटकून सांगायचा, "ज्वालामुखीचा दगड कुटून मातीत कालवला आहे. चाक नाही, साचा नाही, नुसत्या हातानं घडवली." एका उन्हाळ्यात बायकोनं, कुंतानं, तिच्यात पाणी भरायचं म्हटलं, तर म्हणाला, "थेंब नोको टाकू. डाग पडन."

यंदा, तो गेल्यानंतरच्या पहिल्या अक्षय तृतीयेला, पितरांची घागर त्याच्याच नावानं भरायची होती. कुंतानं कपाट उघडलं, काळी घागर काढली आणि पाटावर ठेवली.

"माय, मी गोंदियावरून नवी आणली ना!" लेक रिंकी म्हणाली. "पूजेले नवीच लागते."

"त्याईले नवं कधी आवडलं का?"

कुंतानं घागर काठोकाठ भरली, शेजारी आंबा ठेवला, हात जोडले. स्वयंपाक आटोपून दोघी नैवेद्य घेऊन आल्या, तर पाणी चांगलं चार बोटं खाली गेलेलं. रिंकीनं पाटावरून हात फिरवला. पाट कोरडाच होता.

"गळून तं नाही राहिली. मंग पाणी गेलं कुठं?"

कुंतानं लोट्यानं पुन्हा पाणी ओतलं.

"इतकी वर्सं त्याईनंच कोरडी ठेवली तिले. आधी तिले पिऊ दे, मंग ते पितीन."